भीड चेपलेली जनावरे आणि जागलीचा हिशेब

(ढाणकी येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)

जंगली जनावरांच्या उपद्रवाचा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या शिबिरात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. रानडुक्कर, रोही, वानर ही वनखात्याची बाब; पक्षाने कापसाचा भाव, पीककर्ज आणि पाणी यांवर बोलावे, अशी एक समजूत आहे. परंतु ढाणकी, बिटरगाव आणि पैनगंगेच्या वेढ्यातल्या बंदी भागातील कोणत्याही अल्पभूधारकाला त्याच्या अडचणी त्याच्याच क्रमाने सांगू द्याव्यात. भावाचा प्रश्न पीक घरी आल्यानंतरचा असतो. पीक घरी येईल की नाही हे आधी ठरते, आणि ते पुष्कळदा रात्री दोन-तीनच्या सुमारास वावराच्या धुऱ्यावर ठरते.

डुक्कर पूर्वीही पिकात येत होते. आज तक्रार निराळी आहे. जनावर येते, आणि हाकलले तरी जात नाही. पूर्वी पत्र्याचा डबा बडवला, टेंभा पेटवला, गोफणीचा एक दगड सणसणत गेला की कळप जंगलाकडे पळत असे. आता बॅटरीचा झोत तोंडावर पडला तरी तो क्षणभर थबकतो आणि पुन्हा हरभरा उकरू लागतो. रोह्यांचे कळप दिवसाढवळ्या तुरीत उभे राहतात. वानर तर घराच्या ओसरीवरून भाकरी उचलून नेतात. आपल्या भाषेत ज्याला भीड चेपणे म्हणतात तेच हे आहे. भीड चेपलेल्या जनावराशी कसे वागावे, हा प्रश्न आज शेतकऱ्यापुढे आहे, आणि त्याचे उत्तर त्याने एकट्याने शोधावे अशी शासनाची आणि समाजाची मूक अपेक्षा आहे.

प्रथम जनावराची भीड का चेपते ते पाहिले पाहिजे. जनावर स्वभावतः धीट होत नाही, अनुभवाने होते. आवाज झाला, उजेड पडला, पण त्यापुढे काही घडले नाही, असे दहा वेळा झाले की अकराव्या वेळी ते त्या आवाजाकडे लक्ष देत नाही. बुजगावण्याचे आयुष्य म्हणूनच काही दिवसांचे असते. धुऱ्यावर जुन्या साड्या बांधण्याचा उपायही असाच. पहिला आठवडा बरा जातो, मग त्याच साडीखालून पिले आत शिरतात. याला जोड मिळते ती अन्नाची. जिथे थोड्या श्रमात पोटभर मिळते तिथे जनावर धोका पत्करते, आणि धोका खरा नाही असे कळल्यावर तिथेच मुक्काम करते. रानडुकराची मादी एका वेतात चार-सहा पिले सहज देते. सोयाबीन, मका, ऊस, हरभरा असे एकामागून एक अन्न शेतात तयार असेल तर त्यातली अधिक पिले जगतात. इसापूर धरणाच्या कालव्यांनी उमरखेड तालुक्यात ऊस आला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु उसाने डुकराला वर्षभराचा आडोसाही दिला. जंगल सोडून ते उसातच राहू लागले, म्हणजे हाकलून लावायला जंगलाची दिशाच उरली नाही.

हे केवळ विदर्भाचे दुखणे नाही. अमेरिकेत कोल्ह्या-लांडग्याच्या जातकुळीचा कायोटी नावाचा प्राणी आहे. मेंढपाळांच्या मागणीवरून तेथील केंद्र सरकारने १९३१ साली उपद्रवी जनावरांच्या नियंत्रणाचा कायदा केला. तेव्हापासून विष, सापळे, बंदुका, पुढे विमानातून गोळीबार, सर्व काही झाले. आजही तेथील सरकारी यंत्रणा वर्षाला साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते. तरीही पश्चिमेकडील माळरानांवरचा हा प्राणी जवळजवळ सर्व उत्तर अमेरिकाभर पसरला. लॉस एंजेलिस आणि शिकागोसारख्या महानगरांत तो नांदतो. शिकागोच्या परिसरात २००० सालापासून त्याचा सलग अभ्यास चालू आहे. बहुतेक कायोटी माणसाला टाळून राहतात. जिथे लोक त्यांना मुद्दाम किंवा नकळत खाऊ घालतात तिथे ते धीट होतात. म्हणून तेथील नगरपालिका आता लोकांना दोनच गोष्टी सांगतात. अन्न उघड्यावर ठेवू नका, आणि जनावर दिसले की सर्वांनी, दर वेळी, ते पळून जाईपर्यंत त्याला हुसकावा. सर्वांनी आणि दर वेळी, या दोन शब्दांत त्या सल्ल्याचे सारे मर्म आहे. एका घराने हुसकावले आणि शेजारच्याने खाऊ घातले तर जनावर शेजारच्याचे ऐकते.

भारतात जनावराला माणसाचे भय होते, त्याचाही एक इतिहास आहे. राजेरजवाड्यांची आणि साहेबांची शिकार ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू अशी की पारध्यांसारख्या जमाती शिकारीवर जगत होत्या आणि गावाच्या शिवारावरचा डुकरा-हरणांचा भार त्यांच्या फासांमुळे हलका होत होता. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने देशातल्या अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा गेला, पण पारध्यांच्या कपाळावरचा शिक्का गेला नाही. मग १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो येणे आवश्यकच होते. वाघ संपत चालला होता, शिकारीच्या व्यापारी कंपन्या परदेशी पाहुण्यांना कातडी मिळवून देत होत्या. पुढे १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद झाली. श्रीमंतांच्या हौसेला लगाम घालणारा हा कायदा समाजवाद्यांनी कधी नाकारलेला नाही, आणि नाकारण्याचे कारणही नाही. परंतु ज्याने हौस केली त्याला फक्त हौस सोडावी लागली, आणि ज्याने कधी बंदूक हातात धरली नव्हती त्याच्या वावरात जनावर येऊन बसले. संरक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हे त्या कायद्याने सांगितले नाही. आणि या देशात ज्या खर्चाचा धनी ठरलेला नसतो तो खर्च आपोआप सर्वांत खालच्या माणसाच्या अंगावर पडतो.

हा खर्च नेमका काय असतो ते कार्यकर्त्यांनी मोजून पाहावे. जागलीला जाणारा माणूस माळ्यावर रात्र काढतो आणि सकाळी पुन्हा कामाला लागतो. ज्याच्याकडे सालदार आहे तो सालदाराला पाठवतो. ज्याच्याकडे नाही तो स्वतः जातो, किंवा कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला पाठवतो. घरी बाई एकटी, लहान मुले आणि गोठा तिच्यावर. दोन-अडीच महिन्यांच्या या जागरणाला कोणत्याही शेतमालाच्या उत्पादनखर्चाच्या कोष्टकात मजुरी म्हणून जागा नाही. भुईमूग आणि ज्वारी या पिकांखालचे क्षेत्र विदर्भात घटले, त्याची कारणे अनेक असली तरी राखण परवडत नाही हे त्यातले एक ठळक कारण आहे. ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की बैलजोडी जाते, आणि मग ट्रॅक्टरचे भाडे रोख द्यावे लागते. डुकराने खाल्लेल्या ताटांची किंमत तलाठ्याच्या पंचनाम्यात येते. ही उतरंड त्यात येत नाही.

त्यातच विजेची पाळी. कृषिपंपांना ज्या वाहिन्यांवर अजून रात्रीची वीज मिळते तिथल्या शेतकऱ्याला हरभऱ्याला पाणी देण्यासाठी अंधारात वावरात उतरावे लागते. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना राज्याने २०१७ साली सुरू केली. ज्या गावात ती पोहोचली तेथे हा धोका कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. जिथे पोहोचली नाही, तिथे बिबट्या किंवा डुक्कर समोर आले तर ती दैवगती मानली जाते. वस्तुतः ती वेळापत्रकाची गती असते, आणि ते वेळापत्रक माणसांनी बनवलेले असते.

आता उपायांकडे पाहावे. सध्या ज्याला उपाय म्हटले जाते त्यातला सर्वांत प्रचलित म्हणजे झटका मशीन, सौर बॅटरीवर चालणारे कुंपण. झटका बसतो, जनावर मरत नाही, माणूसही मरत नाही. शासनाच्या योजनेतून त्यासाठी अनुदानही मिळते. यंत्र वाईट नाही. परंतु ते एकेका वावराला लागते. ज्याने लावले त्याच्या धुऱ्यावरून डुकरांचा कळप वळतो आणि ज्याने लावले नाही त्याच्या वावरात उतरतो. म्हणजे पाच एकर बागायतवाल्याचे संरक्षण हे दीड एकर कोरडवाहूवाल्याचे नुकसान होऊन बसते. जनावरांची संख्या तीच, भूक तीच, फक्त ताट बदलले. गावातल्या प्रत्येकाने स्वतःपुरते पाहिले तर शेवटी सर्व डुकरे गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या शेतात गोळा होतील, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि ज्याला झटका मशीन परवडत नाही तो काय करतो? तो पंपाच्या वाहिनीतून तार ओढून थेट वीज कुंपणात सोडतो. हे बोलताना आडपडदा ठेवून चालणार नाही, कारण असे करणाऱ्यांत पक्षाचे सहानुभूतिदारही असतील. त्या तारेला डुक्कर चिकटते तसाच पहाटे गवत आणायला निघालेला शेजारी चिकटतो, आणि तार विसरलेला घरधनीही चिकटतो. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले आणि माणसेही मेली. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, जामीन, वकील, आणि जमीन विकणे. कार्यकर्त्याने अशी तार पाहिली तर ती काढण्याचे सांगावे, भांडण झाले तरी चालेल.

शासन या प्रश्नाकडे कसे पाहते याचा नमुना याच जिल्ह्याने पाहिला आहे. राळेगाव, केळापूर परिसरात २०१६ ते २०१८ या काळात टी-१, म्हणजे अवनी या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या वाघिणीच्या प्रकरणात १३ माणसांचे बळी गेल्याचे सांगितले गेले. त्यांत गुराखी होते, शेतकरी होते. दोन वर्षे गावांत शेतीची कामे भीतीने अडली. प्रकरण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. मग हत्ती आले, ड्रोन आले, पॅराग्लायडर आले, विदेशी जातीची कुत्री आली, वाघिणीला आकर्षित करण्यासाठी परदेशी अत्तरही शिंपडले गेले. त्या मोहिमेसाठी ताडोब्याहून आणलेला एक हत्ती सुटला आणि त्याने एका स्त्रीचा जीव घेतला. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीने मारली गेली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियमभंगाचे गंभीर आक्षेप नोंदवले गेले. त्यानंतर देशभर जी चर्चा झाली ती वाघिणीच्या दोन बछड्यांबद्दल आणि नेमबाजाबद्दल. दुसऱ्याच्या गुरांमागे रोज त्याच झुडुपात जाण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते त्यांच्या रोजगाराबद्दल त्या चर्चेत फारच थोडे होते. जंगलात जाऊ नका, हा सल्ला फुकट असतो. न गेल्यास चूल कशी पेटेल, याचे उत्तर महाग असते.

वाघिणीचा आणि डुकराचा प्रश्न एकच आहे असे येथे म्हणावयाचे नाही. बिबट्याच्या बाबतीत जुन्नरच्या अनुभवाने एक गोष्ट शिकवली आहे. तेथे उसातले बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात सोडण्याची मोहीम २००१च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर चालली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा अभ्यास केला, तेव्हा दिसले की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७वर गेले. परक्या मुलखात सोडलेला, बिथरलेला प्राणी अधिक धोकादायक ठरला. अकोले तालुक्याच्या अभ्यासात तर बिबट्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. कुत्री कशावर जगतात? उकिरड्यावर, कोंबड्यांच्या दुकानामागे फेकलेल्या आतड्यांवर, ओढ्यात टाकलेल्या मेलेल्या गुरांवर. म्हणजे बिबट्याला गावात बोलावणारे आमंत्रण गावानेच लिहिलेले असते. ढाणकीसारख्या नगरपंचायतीच्या गावात कचऱ्याच्या ठेक्याचा प्रश्न हा आरोग्याचा आहे तितकाच या विषयाचाही आहे. देवळापाशी आणि रस्त्याकडेला वानरांना केळी घालून पुण्य जोडणाऱ्यांनाही हे सांगावे लागेल, सौम्य शब्दांत का होईना.

उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात २०२४च्या पावसाळ्यात लांडग्यांनी मुले उचलली. बळी पडलेली बहुतेक मुले गरिबांची होती. त्या गावांतील कित्येक घरांना दारे नव्हती. लांडग्याला जातवर्ग कळत नाही, पण दार नसलेले घर त्याला बरोबर सापडते.

या साऱ्यावर शहरात दोन पक्ष आहेत. एकाचे म्हणणे, एकाही जनावराच्या केसाला धक्का लागता कामा नये. दुसऱ्याचे म्हणणे, सरसकट गोळ्या घाला. बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर यांना उपद्रवी जाहीर केले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले, आणि त्यावरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. मोकाम्याच्या शेतकऱ्याला त्या वादातून काय मिळाले? ज्येष्ठ शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी वेगळी भूमिका मांडली होती: हा कायदा स्थानिक माणसाला गुन्हेगार ठरवतो, पीक राखण्यासाठी रानडुक्कर मारण्याचा हक्क शेतकऱ्याला हवा. त्यांच्या म्हणण्यातला पहिला भाग मान्य होण्यासारखा आहे. दुसऱ्या भागात एक अडचण राहते. बंदूक आणि परवाना कोणाकडे असतो? बंदी भागातल्या आंध किंवा कोलाम शेतकऱ्याकडे नाही. बंदूक गावच्या पाटलाच्या किंवा बाहेरून येणाऱ्या हौशी शिकाऱ्याच्या हाती राहील, आणि पीक राखण्याच्या नावाने मटणाचा धंदा उभा राहील. कायद्याच्या ११व्या कलमात पिकाला धोका असलेल्या विशिष्ट जनावराला परवानगीने मारण्याची तरतूद आजही आहे. जिथे कळप खरोखर हाताबाहेर गेला आहे तिथे ती वापरलीच पाहिजे. पण ग्रामसभेच्या मागणीवरून, वनखात्याच्या जबाबदारीवर आणि उघड हिशेबाने. मारल्यानंतर अन्न तसेच राहिले आणि भय परत आले नाही, तर पुढच्या हंगामात दुसरा कळप येतो, हे अमेरिकेने नव्वद वर्षांत सिद्ध केले आहे.

नुकसानभरपाईबद्दल थोडक्यात. माणूस दगावल्यास वारसांना २५ लाख रुपये देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये केला. पिकाबाबत मात्र अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा हाच क्रम आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान २०२६च्या खरिपापासून पीकविम्याच्या जादा संरक्षणात येईल. मागणी जुनी होती. तिचे स्वागत करावे. परंतु नुकसानीची माहिती ७२ तासांत, मोबाईलवरून, जागेची खूण असलेल्या छायाचित्रासह द्यावयाची आहे. जिथे मोबाईलला संपर्क मिळण्यासाठी टेकाड चढावे लागते तिथे या अटीचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. प्रत्येक गावात पक्षाच्या एका तरी तरुणाने हे काम शिकून घ्यावे आणि दुसऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. हे छोटे काम आहे. पण मते मागायला जाण्यापूर्वी करावयाच्या कामांपैकी आहे.

साथींनो, डॉ. लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी त्रिसूत्री दिली होती. या प्रश्नात फावड्याचे काम मोठे आहे. धुऱ्या-धुऱ्याचे कुंपण सोडून शिवाराचे कुंपण धरले पाहिजे. म्हणजे जंगलाच्या बाजूने सलग एक रेषा, जिच्या आत सर्वांचे शेत, भूमिहीनाने बटाईने केलेलेही. ती रेषा उभारण्यासाठी अनुदान व्यक्तीला न मिळता गावाला मिळावे अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करावी. जागल पाळीने करावी. दहा माणसे दहा माळ्यांवर एकेकटी बसण्याऐवजी चार-चारच्या टोळीने शिवारभर फिरली, जनावर दिसेल तिथे सर्वांनी आवाज केला आणि ते रेषेबाहेर जाईपर्यंत मागे लागली, तर भीड पुन्हा बसते. मध्येच सोडून दिले तर काही होत नाही. आणि या पाळीला मजुरी मिळाली पाहिजे. १९७२च्या दुष्काळात ज्या महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली आणि १९७७ साली तिचा कायदा केला, त्या महाराष्ट्रात रस्त्याची खडी फोडणे हे काम आहे आणि गावाचे अन्न राखणे हे काम नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. राखणीची मजुरी रोजगार हमीत धरावी, ही मागणी ढाणकीतून निघावी.

जंगलाच्या बाजूनेही काम आहे. पैनगंगा अभयारण्य सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचे, तीन बाजूंना नदी. त्यात चारा आणि पाणी राहिले तर रोही बाहेर कमी येतील. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा हक्क दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ मध्ये तो मिळवून दाखवला. ज्या गावांचे दावे पडून आहेत त्यांची यादी तालुका शाखेने तयार करावी.

हरभऱ्याच्या पेरणीपूर्वी प्रत्येक शाखेने एक नोंदवही घालावी. कोणाच्या घरातून कोण, किती रात्री जागलीला गेले, एवढेच तीत लिहावे. जाणारी बाई असेल किंवा शाळकरी मूल असेल तर तसेच लिहावे. हंगाम संपल्यावर त्या रात्री किमान मजुरीच्या दराने गुणाव्यात, आणि आलेली रक्कम घेऊन सर्वांनी मिळून उमरखेडच्या तहसील कचेरीवर जावे.